शांत, हिरवी वस्ती आणि मधली भिंत

देवरीत शिरताना हायवेच्या कडेला हल्ली एक फलक हमखास दिसतो. 'शांत, निसर्गरम्य परिसरात प्लॉट उपलब्ध.' मागे हिरवे डोंगर, पुढे एक बंगला, बंगल्यासमोर एक कुटुंब. नवरा आणि दोन मुलं बाहेर हिरवळीवर आहेत. साडीतली हसरी बाई मात्र दारात, उंबऱ्याच्या आत. फलक रंगवणाऱ्यानं मुद्दाम काही केलं नसणार. पण अशाच एका फलकावरच्या वस्तीत मी नऊ वर्षं राहते आहे, आणि मला वाटतं, त्याच्या हातून नकळत अगदी खरं तेच निघालं.

देवरी हे काय शहर आहे का, असं पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी विचारतात. नाही, तालुक्याचं गाव आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा आम्ही गोंदियात गेलो. नागपूर आणि रायपूर यांच्या साधारण मध्यावर, मुंबई-कोलकाता महामार्गावर. या रस्त्याला पूर्वी सहा नंबर म्हणत, आता तो त्रेपन्न झाला, तरी आमच्या तोंडी सहाच आहे. आजूबाजूला जंगल, धानाच्या बांध्या, गोंड-हलबांच्या टोल्या. पण तहसील इथं, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं, ग्रामीण रुग्णालय इथं. त्यामुळे पगारदार माणूस इथं बदलून येतो आणि काही वर्षांनी त्याला वाटतं, आपलंही एक घर असावं. गावात जागा नसते. मग कडेच्या बांध्या अकृषक होतात, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडतात, मुरमाचे रस्ते होतात, आणि एक वस्ती उभी राहते. शहराच्या कडेला जे जे असतं ते सगळं आमच्याकडे आहे. शहर तेवढं जरा लहान आहे.

चांगलं ते आधी सांगते, नाहीतर मी नुसती कुरकुरते आहे असं वाटेल. मार्चमध्ये पहाटे दार उघडलं की मोहाचा वास घरात येतो. समोरचा पळस पेटतो. पावसाळ्यात पलीकडच्या बांध्यांत रोवणी चालते तेव्हा बायांची गाणी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतात. लाऊडस्पीकर नाही, ट्रकचे हॉर्न लांबून येतात. गावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत वीस वर्षं काढल्यावर मला हे सगळं माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

आणि ही शांतता काही जणींना खरोखरच सुटका देते, हेही मान्य केलं पाहिजे. आमच्या वस्तीत एक शिक्षिका एकटी राहते, नवऱ्यापासून वेगळी झालेली. ती म्हणाली, "गावातल्या गल्लीत माझ्याकडे सिलिंडर द्यायला आलेला माणूस किती मिनिटं आत होता, याचा हिशोब समोरच्या ओट्यावर असायचा. इथं कोणी विचारत नाही." चळवळीत आपण कधीकधी जुन्या गल्ल्यांच्या, वाड्यांच्या गळ्यात पडतो. तिथं बायका एकमेकींना धरून असत, असं म्हणतो. असतही. पण त्याच ओट्यांवरून कितीजणींच्या पायांत बेड्या पडल्या, हे ज्यांनी भोगलं त्यांना विचारावं.

गावाबाहेरची शांत जागा बाईला नवीन नाही. पुण्यातली प्लेगची साथ आणि गावाचा विरोध या दोन्हींच्या काळात, १९०० साली, धोंडो केशव कर्व्यांनी विधवांचा आश्रम गावापासून दूर हिंगण्याला नेला. सहा एकर माळावर एक झोपडी. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि रोज पायी तिकडे जायचे. गावाला त्या बायका नजरेआड हव्या होत्या, हे खरं. पण त्या तिथं एकेकट्या नव्हत्या. एकत्र राहत होत्या, शिकत होत्या. पार्वतीबाई आठवल्यांसारखी बाई तिथून बाहेर पडून गावोगाव आश्रमासाठी पैसे गोळा करत फिरली. म्हणजे गावाबाहेर असणं हे संकटच असतं असं नाही. तिथं बाई कुणाबरोबर आहे, आणि तिला बाहेर पडायला वाट आहे का, हे बघायचं.

आमच्या वस्तीत सकाळी साडेनऊला मोटारसायकली जातात. मग सगळं शांत होतं. नोकरीत होते तोवर मीही त्या वेळी बाहेर पडत असल्यामुळे ही शांतता मला माहीत नव्हती. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा ऐकली. बहुतेक घरांत गाडी एक, आणि ती नवऱ्याबरोबर जाते. गिरणी गावात, भाजी गावात, दवाखाना गावात, बँक गावात. मध्ये दीड-दोन किलोमीटर मुरमाचा रस्ता आणि हायवे. हायवे रुंद झाल्यापासून ओलांडणं हे एक कामच झालं आहे. लेकराला कडेवर घेऊन, पिशवी हातात धरून, छत्तीसगडकडे धावणाऱ्या ट्रकांच्या मधून वाट काढायची. नकोच ते म्हणून बायका फोन करतात, "येताना आणाल का?" नवरे आणतातही. वाईट माणसं नाहीत. पण दळणापासून सॅनिटरी पॅडपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी विचारावं लागणं, याचा माणसावर परिणाम होतो. जी मुलगी माहेरी सायकलवर कॉलेजात जात होती ती पाच वर्षांत "मला नाही बाई जमत एकटीनं" असं म्हणू लागते. मी हे माझ्या डोळ्यांसमोर होताना पाहिलं आहे.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी त्यामुळे पहिल्यांदाच एकट्या गोंदियाला जाऊन आल्या. पण बसमध्ये चढेपर्यंतच्या वाटेचं काय? संध्याकाळी साडेसहाची बस थांब्यावर उतरवते तेव्हा हिवाळ्यात अंधार असतो. वस्तीच्या मुख्य रस्त्यावर खांब आहेत, दिवे निम्मे. आतल्या गल्ल्यांत खांबही नाहीत. कुत्री आहेत, कधीमधी बिबट्या दिसल्याची बातमी फिरते, आणि मोकळ्या प्लॉटवर बाटल्या घेऊन बसणारी पोरं आहेत. बिबट्याची भीती बायका मोठ्यानं सांगतात. पोरांची सांगत नाहीत, कारण ती सांगितली की उत्तर ठरलेलं असतं : मग जाऊच नको.

असंच एका अकरावीतल्या मुलीचं झालं. संध्याकाळचा विज्ञानाचा क्लास बंद. "घरीच कर, मोबाईलवर सगळं असतं." तिच्या भावाचा क्लास चालू आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसेस शाळकरी मुलींसाठी खेड्यांपर्यंत जातात. आमच्याकडे बस यायचं कारण नाही, आम्ही तर कागदोपत्री गावातच. खेड्यातल्या मुलीला निदान अंतर आहे हे मान्य तरी होतं. आमच्या मुलीचं अंतर कुठं लिहिलेलंच नाही.

अमेरिकेत बेटी फ्रीडननं १९६३ साली 'द फेमिनिन मिस्टिक' लिहिलं ते असल्याच वस्त्यांतल्या बायकांबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे शहरांबाहेर हिरवळीच्या, एकसारख्या घरांच्या वस्त्या उठल्या. नवरे गाडी घेऊन कामाला गेले आणि शिकलेल्या बायका दिवसभर त्या घरांत राहिल्या. आपल्याला काहीतरी होतंय, पण त्याला नाव नाही, असं त्या सांगत होत्या. पुढे काळ्या स्त्रियांनी या पुस्तकावर बोट ठेवलं. त्याच घरांत भांडी घासायला येणाऱ्या बाईचं काय, असं विचारलं. तो प्रश्न मी वाचला होता, भाषणातही वापरला होता. स्वतःच्या दारात तो उभा राहीपर्यंत त्याचा अर्थ मात्र कळला नव्हता. त्याकडे येतेच. आधी एका रात्रीबद्दल सांगायचं आहे.

हे मी त्या मुलीची परवानगी घेऊन, तिची ओळख पटणार नाही इतपत फेरफार करून लिहिते आहे. शेवटच्या गल्लीत एक जोडपं राहतं. शेजारी तीन प्लॉट रिकामे. एके सकाळी ती रवा मागायला आली. ओठ सुजलेला. मी विचारलं नाही. माझी चूक. आठवड्यानं साखर मागायला आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा काही मागितलंच नाही, नुसती बसली. मग म्हणाली, "काकू, भाड्याच्या घरात होतो तेव्हा भिंत एक होती. तो हात उचलायचा तर पलीकडची काकू खलबत्ता आपटायची भिंतीवर. इथं मी किती ओरडले. कुत्रीच भुंकली."

पलीकडची ती काकू काही स्त्रीमुक्तीवाली नसेल. उद्या तीच म्हणाली असती, सांभाळून घे गं. पण रात्री खलबत्ता आपटत होती, आणि त्या आवाजानं एक हात थांबत होता. आमच्या शांत वस्तीत तो आवाज नाही. आमच्या घरांमध्ये नियमाप्रमाणे अंतर सोडलेलं आहे. हवा आणि उजेड भरपूर.

सगळ्यात मला लागलं ते नंतरचं. एक-दोन शेजाऱ्यांकडे हलकेच विषय काढला. ते म्हणाले, "छे हो, कधी आवाज नाही त्यांच्या घरातून. शांत जोडपं आहे."

मला मथुरा आठवली. आपल्यापैकी ज्या नव्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. इथून फार लांब नाही ते देसाईगंज, म्हणजे वडसा. २६ मार्च १९७२ ला तिथल्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सेशन कोर्टानं तिची संमती होती म्हणून दोघांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे असं सांगून शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, ती ओरडल्याचं पटत नाही, म्हणून जे घडलं ते शांततेत घडलं, असा त्या निकालाचा सूर होता. त्याविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. आपली आजची चळवळ त्या एका 'शांतते'वर उठलेल्या आवाजातून मोठी झाली. आणि पन्नासएक वर्षांनी त्याच झाडीपट्टीत आम्ही शेजारचं घर शांत आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणतो!

त्या मुलीला नवरा म्हणत होता, "घर माझ्या नावावर आहे, पटत नसेल तर निघ." हे वाक्य आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बाईनं ऐकलेलं असतं, म्हणून पुन्हा लिहिते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. एकोणिसाव्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट तसा आदेश देऊ शकतात. सासऱ्याच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टानं १५ ऑक्टोबर २०२० ला स्पष्ट केलं. म्हणजे कायदेशीर आदेशाशिवाय तिला कोणी हुसकावू शकत नाही. तिनं संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. सध्या ती त्याच घरात आहे. तिनं आणि मी मिळून एक ठरवलं आहे. तिच्याकडे शिट्टी आहे, शाळेच्या पीटीची असते तसली. माझ्याच कपाटातून निघाली.

आता टोलीबद्दल, आणि स्वतःबद्दल.

आमच्या वस्तीच्या मागे गोंडांची टोली आहे. वस्तीच्या आधीपासून, बहुधा देवरीच्याही आधीपासून. टोलीतल्या बायांची गावाकडे, बांध्यांकडे आणि पलीकडच्या जंगलाकडे जाणारी पायवाट आमच्या ले-आऊटमधून जाते. खरं म्हणजे आमचं ले-आऊट त्यांच्या पायवाटेवर पडलं आहे. ही बांधी आदिवासीची नव्हती, एवढं मी खरेदीच्या वेळी बघून घेतलं होतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे मला माहीत होतं. पायवाट कुणाची, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. सातबाऱ्यावर ती नव्हती.

या वाटेनं बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जातात, सरपणाच्या मोळ्या आणतात, रोवणीला जातात. आणि सकाळी आठला त्यांच्यातल्याच काहीजणी आमच्या घरी भांडी-फरशीला येतात. आमचा शांतपणा त्यांच्या हातांवर चालतो. वस्तीत जी हिरवाई आम्हाला 'निसर्गरम्य' वाटते तो त्यांचा वर्षाचा हिशोब आहे. मोह म्हणजे मार्च-एप्रिलची मिळकत. मोहफुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर, नेण्यावर जे निर्बंध होते ते २०२१ मध्ये शासनानं उठवले. तेव्हा टोलीत आनंद झाला होता. आमच्या वस्तीतले दोन मोह मात्र तोवर प्लॉट सपाट करताना गेले होते. उरलेला एक समितीच्या मोकळ्या जागेत आहे.

तर ही समिती. ले-आऊटची समिती म्हणजे प्लॉटधारकांची. एका प्लॉटमागे एक सभासद, आणि सभासद तो, ज्याचं नाव खरेदीखतावर. त्यामुळे समितीत सगळे पुरुष. या समितीनं ठरवलं आहे की मागच्या बाजूनं भिंत घालायची आणि पुढे फाटक बसवायचं. कारणं तीन दिली. एक सायकल आणि एक पाण्याची मोटर चोरीला गेली. बाहेरची माणसं वस्तीतून ये-जा करतात. आणि फाटक झालं की प्लॉटला भाव येतो. तिसरं कारण खरं आहे, पहिली दोन त्याच्या पोटातली.

भिंत झाली तर टोलीतल्या बायांना दोनच वाटा राहतात. एक नाल्याकडून, झुडपातून. मोहाच्या दिवसांत अस्वलंही मोहावर येतात आणि बाया पहाटे अंधारातच निघतात, म्हणजे तिकडून जाणं कसं, ते तुम्हीच समजा. दुसरी वाट हायवेवरून, डोक्यावर मोळी घेऊन, ट्रकांच्या कडेकडेनं. टोलीतली एक म्हातारी, माझ्याकडे धुणं धुवायची तेव्हापासूनची ओळख, तिनं मला विचारलं, "मॅडम, भित बांधून राहिले म्हनते. मंग आमी कोनीकडून जावाचं?" आणि थोडं थांबून, "तुमच्या घरची भांडी घासाले बी फाटकातूनच याचं का?"

मी समितीचं इतिवृत्त मागवलं. भिंतीच्या विषयाखाली पहिली नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे : 'प्लॉट क्रमांक अमुक यांच्या पत्नीची तक्रार, टोलीतील शेळ्या आत येऊन झाडे खातात.' ती पत्नी मी. माझा जाईचा वेल शेळ्यांनी फस्त केला होता तेव्हा मी फाटकाशी उभं राहून बडबडले होते. त्याची नोंद झाली. आणि झाली तीही 'यांच्या पत्नीची' म्हणून. वस्तीच्या कागदांत माझं एवढंच अस्तित्व आहे. हे घर बांधायला माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले होते. खरेदीच्या दिवशी माझी शाळा होती, "तू कशाला रजा टाकतेस, मी उरकून येतो" असं नवरा म्हणाला, आणि मी बरं म्हटलं. स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कावर तालुकाभर शिबिरं घेणारी मी!

शिबिरात आपण काय सांगतो? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये. त्याआधी शेतकरी संघटनेच्या बायकांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, बायकोच्या नावानं जमीन करा म्हणून. आता २०२१ पासून राज्यात घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नुसत्या प्लॉटला ती नाही, म्हणून आमच्यासारख्या वस्त्यांत, जिथं आधी प्लॉट घेतात आणि मग बांधतात, तिचा फारसा उपयोग होत नाही. ज्या थोड्या घरांत बाईच्या नावानं खरेदी झाली तिथंही बैठकीला तिचा नवराच बसतो. सरपंचपती गावात पाहिले होते, हे प्लॉटपती.

आणि टोलीत? तिथल्या घरकुलांच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव आहे, कारण पंतप्रधान आवास योजनेत तो नियमच आहे. म्हणजे माझ्याकडे भांडी घासायला येणारी बाई कागदावर घराची मालकीण, आणि मी प्लॉट क्रमांक अमुक यांची पत्नी. हे तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की हातातलं पातेलं सुटलं.

तर माझं म्हणणं असं की, अशा वस्त्यांतली शांतता ही काही जंगलातून येत नाही. ती ठरवली जाते. दिवे कुठं लावायचे, वाट कुठून सोडायची, फाटक कुणासाठी उघडायचं, हे बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीत ज्यांचं नाव कागदावर आहे तेच बसतात. शेवटच्या गल्लीतली ती मुलगी आणि टोलीतली म्हातारी या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वरवर वाटतं. पण एकीचा आवाज बाहेर पोचत नाही आणि दुसरीला आत येता येत नाही, ते एकाच बैठकीमुळे. आपल्या चळवळीनं घरातल्या हिंसेवर काम केलं, जमिनीच्या हक्कावर केलं, दारूबंदीवर केलं. गावाच्या कडेला पडणाऱ्या या ले-आऊटांकडे मात्र 'मध्यमवर्गीयांचा प्रश्न' म्हणून पाठ फिरवली. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, जिथं जावं तिथं बांध्यांवर प्लॉट पडताहेत. आपल्याच कार्यकर्त्या त्यात राहायला जाताहेत. मी गेलेच की.

वेगळं होऊ शकतं. व्हिएन्ना शहरानं १९९७ मध्ये 'फ्राऊएन-वेर्क-श्टाट' नावाची साडेतीनशेहून जास्त घरांची वसाहत पुरी केली. आराखडे बायका वास्तुकारांचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खेळणारी मुलं दिसावीत, जिन्यात उजेड असावा, बालवाडी आवारातच असावी, बसपर्यंतची वाट अंधारी नसावी, अशा साध्या गोष्टी त्यांनी आधी ठरवल्या आणि मग भिंती काढल्या. आपण काही व्हिएन्ना नाही. पण आपल्याकडेही नियम आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचं ले-आऊट पाडताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. आमची ती जागा सध्या क्रिकेट आणि लग्नातल्या गाड्यांसाठी आहे. उरलेला मोह तिथंच आहे आणि टोलीची वाटही तिथूनच जाते. ती वाट राहू द्यावी, तिच्या कडेनं चार दिवे लावावेत आणि मोहाखाली एक पार बांधावा, एवढीच आमची मागणी आहे. वाट वापरात राहिली तर ती मुलगी संध्याकाळी क्लासला जाऊ शकेल. बाया येत-जात असल्या की रस्ता एकाकी राहत नाही, आणि बाटल्यावाल्या पोरांना दुसरी जागा शोधावी लागते.

आम्ही अकरा जणींनी सह्या करून समितीला पत्र दिलं. दोन दिवसांत चौघींनी नाव काढून घेतलं. त्यांच्यावर राग नाही, घरी काय झालं असेल ते कळतं. उरलो सात. समितीनं तोंडी कळवलं की सह्या करणाऱ्या सभासद नसल्यामुळे पत्र विचारात घेता येत नाही. मग माझ्या नवऱ्याशी बसले. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं स्पष्ट पहिल्यांदाच बोलले असेन. त्यानं घरात माझा अर्धा हिस्सा करून द्यायचं कबूल केलं आहे. बक्षीसपत्र करायचं आहे. कबूल करताना तो म्हणाला, "म्हणजे आता बैठकीला तू जाणार?" त्यात राग नव्हता, पण जरा हरवल्यासारखा वाटला.

टोलीतल्या बायांनी त्यांच्या बाजूनं अर्ज तयार केला आहे. शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. या वाटेनं बाया रोवणीला बांध्यांत जातात, म्हणून तो मुद्दा धरला आहे. अकृषक झालेल्या जागेत तो कितपत टिकेल ते वकील मैत्रिणीला विचारलं आहे.

भिंतीसाठी खड्डे खणून झाले आहेत. परवा पाऊस झाला, त्यांत पाणी साठलं. बाया खड्ड्यांच्या मधून, साड्या वर खोचून, अजून त्याच वाटेनं जाताहेत. बैठक येत्या रविवारी दुपारी चारला आहे. नळ चारलाच येतो, म्हणून आम्ही सातजणींनी पाणी भरायच्या पाळ्या लावल्या आहेत. तीनजणी पाणी भरतील, चौघी बैठकीत जाऊन बसतील, बसू दिलं नाही तर दारात.

तुमच्या गावच्या ले-आऊटमध्ये अशी वाट कोणी अडवली असेल आणि ती सोडवली गेली असेल, तर कसं केलंत ते लवकर कळवा. खरेदीखतावर नाव नसलेल्या बायकांना समितीत घेण्याचा ठराव कुठं झाला असेल तर त्याची प्रतही पाठवा.